मांजराच्या डोळ्यांचं शिक्षण असतं का?

इस्लामपूरहून एका आईने लिहिलंय: मुलगी अकरावी सायन्सला आहे. घरच्या बोक्याच्या उजव्या डोळ्याचा हिरवा रंग हळूहळू तपकिरी होत गेला, ते आधी तिलाच दिसलं. घरच्यांनी "डोळे आले असतील" म्हणून सोडून दिलं. आता त्या डोळ्याने त्याला दिसत नाही. तेव्हापासून मुलगी म्हणते, मी मांजरांच्या डोळ्यांचाच अभ्यास करणार. असं शिक्षण असतं का, आणि पोट भरतं का?

ताई, असतं. पण त्या वाटेवर आधी गाई-म्हशी लागतात, हे लेकीला आत्ताच सांगा. बारावीला बायोलॉजी, मग नीट आणि त्या गुणांवर पशुवैद्यकीय पदवी. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. माफसूची (महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची) कॉलेजं परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथे आहेत. तुम्हाला त्यातल्या त्यात शिरवळ जवळ. तिथे गमबूट घालून शेणात उभं राहायचं, खांद्यापर्यंत हातमोजा चढवून म्हशीची गर्भतपासणी करायची. हे तिला झेपेल का, याचा अंदाज सुट्टीत एखाद्या जनावरांच्या दवाखान्यात महिनाभर बसून घेता येईल. पुढे दोन वर्षांचं एमव्हीएससी, म्हणजे पशुवैद्यकातली पदव्युत्तर पदवी. डोळ्यांचं काम बहुतेक सर्जरी विभागाकडे असतं. फक्त डोळ्यांचा तज्ज्ञ व्हायचं, तर अमेरिका-युरोपात तीनेक वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे तज्ज्ञांच्या हाताखालचं प्रशिक्षण, असते. जागा अगदी मोजक्या, म्हणून त्या भरवशावर आज काही ठरवू नका. कमाईचं म्हणाल, तर पदवीनंतर सरकारी नोकरी किंवा स्वतःचा दवाखाना या दोन्ही वाटा खुल्या असतात.

तिने जे पाहिलं त्याला युव्हिआयटिस म्हणतात असं मला वाटतं, म्हणजे डोळ्याच्या आतली सूज. निदान अर्थात डॉक्टरच करतील. अंधाऱ्या खोलीत डोळ्यात बारीक प्रकाशझोत टाकला, की निरोगी डोळ्याच्या आतलं पाणी नितळ दिसतं. सूज असेल तर कवडशात धूळ तरंगावी तसा तो झोत गढूळ दिसतो. आणि दुखणं अनेकदा डोळ्याचं नसतंच. मांजरांचा ल्युकेमिया विषाणू, टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी, मांजरांच्या कोरोना विषाणूमुळे होणारा एफआयपी हा आजार, यांची पहिली खूण कधी कधी डोळ्यातच दिसते. पूर्वी एफआयपी म्हणजे मरण, असंच धरून चालायचे. पण २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात पशुवैद्यक संशोधक नील्स पेडरसन यांच्या गटाने त्यावरच्या एका नव्या औषधाचे निष्कर्ष छापले: ३१ आजारी मांजरांपैकी २५ दीर्घकाळ जगली. म्हणून हा विषय मला छोटा वाटत नाही. अख्खं मांजर समजल्याशिवाय त्याचा डोळा समजत नाही.

आता बोक्याचं. माणसांचे उरलेले ड्रॉप्स त्याच्या डोळ्यात घालू नका. बुबुळावर जखम असेल आणि ड्रॉप्समधलं स्टेरॉइड त्यात गेलं, तर डोळा जाऊ शकतो. दुसरा डोळा अजून चांगला आहे ना? मग याच आठवड्यात पशुवैद्यांकडे न्या, लेकीला सोबत घ्या. रंग कधीपासून बदलला हे तिच्याइतकं कोणी सांगू शकणार नाही. दोन्ही डोळ्यांतला दाब मोजून मिळेल का, हेही तिलाच विचारू द्या.