वाचकांचे प्रश्न : लहान रिव्हॉल्व्हर आणि जड चाप

प्रश्न : माझ्याकडे .२२ चे, आखूड नळीचे परवानाधारक रिव्हॉल्व्हर आहे. वरळीच्या रेंजवर सरावाच्या पिस्तुलाने माझा ग्रुप (लक्ष्यावरील गोळ्यांचा पुंजका) चांगला येतो. पण या रिव्हॉल्व्हरने १० मीटरवरही गोळ्या डावीकडे खाली जातात. मी उजव्या हाताने नेम धरतो. चाप फार जड लागतो, तेव्हा स्प्रिंग मऊ करून घ्यावी का? – एक वाचक, परळ

उत्तर : स्प्रिंगला कृपया हात लावू नका. आपले .२२ चे काडतूस ‘रिमफायर’ प्रकारचे असते. अशा काडतुसात पेट घेणारे मिश्रण बुडाच्या मधोमध नसून कडेच्या पोकळ घडीत असते आणि ती कड चेपली जाईल इतका जोरदार घाव घोड्याला (चाप ओढल्यावर काडतुसावर आदळणाऱ्या भागाला) घालावा लागतो. म्हणूनच अशा रिव्हॉल्व्हरचा चाप जड असतो. स्प्रिंग मऊ केली की काडतुसे न उडण्याचे प्रमाण वाढते. काडतूस उडाले नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान ३० सेकंद थांबावे, कारण ते उशिराही पेटू शकते.

आपला दोष नेमाचा कमी आणि मुठीचा अधिक वाटतो. चाप ओढताना बाकीची बोटेही नकळत आवळली जातात आणि हलक्या रिव्हॉल्व्हरची नळी खाली डावीकडे झुकते. त्यातच नेम धरण्याच्या पुढच्या आणि मागच्या साइटमधले अंतर कमी असते : ते १० सेंटिमीटर असेल आणि पुढची साइट केवळ अर्धा मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर गोळी ५ सेंटिमीटर चुकते, तेच अंतर २५ सेंटिमीटर असेल, तर २ सेंटिमीटरच.

यावर मला सर्वांत भरवशाचा वाटणारा उपाय असा : सिलिंडरमध्ये काही घरांत काडतुसे आणि काही घरांत उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या भरा, भरताना पुंगळीची न चेपलेली कड घोड्याच्या घावाखाली येईल असे पाहा, आणि बंद करण्यापूर्वी सिलिंडर न बघता फिरवा. पुंगळीवर घोडा पडताच नळी खाली झुकली, तर दोष कोणाचा ते लगेच दिसते. पुढच्या साइटवर नजर ठेवून, मूठ सुरुवातीपासून घट्ट आणि एकसारखी धरून, चाप एकाच संथ गतीने शेवटपर्यंत ओढा. आधी घोडा हाताने चढवून, म्हणजे चाप हलका असताना, नेम पक्का करा, मगच जड चापाकडे वळा. हा सराव रेंजवरच करावा. मुंबईच्या घरात भिंतीपलीकडे शेजारी राहतो.

दुसऱ्या हाताचा अंगठा सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीजवळ कधीही नेऊ नका; तेथून तप्त वायू आणि शिशाचे कण उडतात. सराव झाला की प्रत्येक घर ब्रशने साफ करा, नाहीतर काजळी आणि शिसे साचून पुंगळ्या अडकतात. पावसाळ्यात इथल्या दमट हवेत तेलाचा पातळ हात दिल्याशिवाय रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवू नये.