मूल हवं असेल तर जंताची गोळी टाळावी का?

अजिबात टाळू नका. पोटात जंत असलेल्या बायकांना जास्त मुलं होतात असं तुम्ही वाचलंत आणि म्हणून गोळी घ्यावी की नाही असं विचारताय. ते संशोधन खरं आहे, पण तुमच्यापर्यंत अर्धंच पोचलंय.

बोलिव्हियातल्या त्सिमाने समाजाच्या ९८६ बायकांचा नऊ वर्षांचा अभ्यास २०१५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला. गोलकृमी या प्रकारचे जंत असलेल्या बायकांना पहिलं मूल लवकर झालं, दोन मुलांतलं अंतरही कमी. अंकुशकृमी या दुसऱ्या प्रकारचे जंत असलेल्यांचं बरोबर उलट: पहिली गर्भधारणा उशिरा, पाळणा लांबलेला. आयुष्यभराचा अंदाज मांडला तर गोलकृमीवाल्यांना दोनपर्यंत मुलं जास्त आणि अंकुशकृमीवाल्यांना तीन कमी. व्हॉट्सअ‍ॅपवर पहिलाच भाग फिरतो. गर्भ टिकायला आईच्या प्रतिकारशक्तीला थोडं सबुरीने घ्यावं लागतं आणि गोलकृमी तिला त्याच बाजूला झुकवत असावेत, असा त्या संशोधकांचा तर्क आहे. शिवाय त्या समाजात बाईला सरासरी नऊ मुलं होतात. तिथलं गणित उचलून मुंबईतल्या जोडप्याला लावायचं नसतं.

मी मुंबईत पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. हा प्रश्न दिसल्यावर गप्प बसवलं नाही, कारण माझ्या वहिनीचे असेच हाल झाले.

वहिनी कुडाळकडची. लग्न होऊन भांडुपला आली, तरी दर पावसाळ्यात लावणीला माहेरी जायची, कारण वडिलांना दुसरं माणूस नव्हतं. दिवसभर अनवाणी चिखलात. अंकुशकृमीच्या अळ्या ओल्या मातीतून तळपायाच्या कातडीतूनच आत शिरतात, मग रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात आणि गिळल्या गेल्या की आतड्यात. तिथे चिकटून रक्त पितात. अंकुशकृमींतल्या अँकायलोस्टोमा जातीचा एकेक कृमी दिवसाला ०.२ मिलीपर्यंत रक्त घालवतो. असे शंभर असले तर काय होत असेल ते तुम्हीच बघा.

मूल होत नाही म्हणून दादा तिला एका नावाजलेल्या सेंटरमध्ये घेऊन गेला. हिमोग्लोबिन ६.८. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहिल्या. पुढच्या वेळी ते तेवढंच आल्यावर ‘गोळ्या नीट घेत नसतील’ असं तिच्यासमोर दादाला सांगितलं. ती घेत होती, मळमळत असतानाही घेत होती. एक दिवस मी तिची फाइल मागून घेतली. सगळे हार्मोन्स होते, गर्भनळ्यांचा एक्स-रे होता, सोनोग्राफ्यांची चळत होती. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीच्या कागदावर इओसिनोफिल (जंत असले की वाढतात त्या पांढऱ्या पेशी) १६ टक्के छापलेलं होतं आणि त्याच्याकडे कोणाचंच लक्ष गेलं नव्हतं. स्टूल टेस्ट, म्हणजे शौचाची तपासणी, एकदाही नाही. दीड-दोनशे रुपयांची तपासणी!

मी दादाला म्हटलं तर तो म्हणाला, ‘एवढ्या मोठ्या डॉक्टरला कळत नाही आणि तुला कळतं?’ मी ऐकलं नाही. वहिनीला डबी दिली आणि सकाळचं ताजं सँपल घेऊन लॅबला गेले. घाईघाईत एक थेंब बघून ‘काही नाही’ लिहायची पद्धत मला मान्य नाही. मिठाच्या संपृक्त पाण्यात कालवून छोटी बाटली काठोकाठ भरली, वर स्लाइड टेकवली आणि वीसेक मिनिटांनी सरळ वर उचलली. अंडी तरंगून काचेला चिकटतात. मायक्रोस्कोपखाली ती जागोजागी होती: लांबट गोल, पातळ पारदर्शक कवच, आत चार-आठ पेशींचा पुंजका आणि भोवती मोकळी कड. अंकुशकृमीच.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी अल्बेंडाझोल ही जंताची गोळी दिली, लोह चालूच ठेवलं. काही महिन्यांत हिमोग्लोबिन अकराच्या वर गेलं. पुढे तिला दिवस राहिले, भाची झाली. त्याच सुमारास सेंटरच्या उपचारांची आणखी एक फेरीही झाली होती, म्हणून गोळीने मूल झालं असं मी कधीच म्हणणार नाही. दादा आजही सेंटरचा गुण सांगतो. सांगू दे. माझं म्हणणं एवढंच की, रक्त का कमी आहे हे न शोधता साडेसहा-सात हिमोग्लोबिनच्या बाईला गर्भधारणेच्या मागे लावणं हा गुन्हा आहे. तेवढ्या रक्तावर ती बाळंत झाली असती तर? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. म्हणून ‘बायकांना असतंच’ म्हणत लोह लिहून मोकळं व्हायचं?

आणि कृमींचा बायकांच्या आजारांशी संबंध नाही असं समजणाऱ्यांसाठी: शिस्टोसोमा या कृमीची अंडी गर्भाशयमुखात अडकून रक्तस्राव होतो, वंध्यत्वही येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने अशा ५ कोटी ६० लाख बायका आहेत, बहुतेक आफ्रिकेत. पण लघवीतून रक्त जाणाऱ्या शिस्टोसोमाची नोंद १९५२ मध्ये आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात, गिमवी गावातही झाली होती.

आता तुमच्यापुरतं. स्टूल टेस्ट करून घ्या, शक्यतो वेगवेगळ्या दिवशीची दोन-तीन सँपलं द्या. गोळी पाळी येऊन गेल्यावर, डॉक्टरांना विचारून घ्या. दिवस राहिल्यावर पहिल्या तीन महिन्यांत घ्यायची नाही. दुसऱ्या तिमाहीत सरकारी दवाखान्यातच ४०० मिलिग्रॅमची देतात. जंत नसतील तर कारण दुसरं असेल, पीसीओडी, बंद नळ्या, जननेंद्रियांचा टीबी, तेही तपासायला हवं. आणि नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्याच महिन्यात करा. दादाने ती शेवटपर्यंत लांबवली. तोवर वहिनीच्या सगळ्या दुखऱ्या तपासण्या होऊन गेल्या होत्या.