बाईंना विचारा : कपाटाची किल्ली कोणाकडे आहे?

प्रश्न : बाई, माझी मुलगी यंदा सातवीत आहे. गावच्या शाळेत पुढचा वर्ग नाही. सात किलोमीटरवर, तालुक्याच्या गावाला लागूनच, जिल्हा परिषदेचं हायस्कूल आहे. तालुक्यात कॉन्व्हेंट आहे, पण फी वर्षाला १८,००० आणि ऑटोचे पैसे वेगळे. माझा साळा म्हणते, 'भाऊजी, झेडपीत काय ठेवलं हाये? कॉन्व्हेंटमधी कॉम्प्युटर, कराटे, गॅदरिंग समदं असते.' माझं चार एकर कोरडवाहू वावर आहे. पोरगी हुशार आहे. काय करू? — एक कास्तकार, जि. यवतमाळ

भाऊ, तुमच्या साळ्याला मी नावं ठेवणार नाही. ३१ वर्षं मी झेडपीच्या हायस्कुलात गणित-विज्ञान शिकवलं आणि स्वतःचा मुलगा मात्र कॉन्व्हेंटात घातला. माझं ऐकताना तेवढं ध्यानात असू द्या.

शाळेत काय आहे ते गेटवरच्या फ्लेक्सवरून कळत नाही. प्रवेशाच्या दिवशीही कळत नाही, कारण त्या दिवशी सगळ्याच शाळा आंघोळ करून बसलेल्या असतात. परीक्षा लागण्याआधी एखाद्या साध्या मंगळवारी, दुपारच्या सुट्टीनंतर, दोन्हीकडे जाऊन या. शनिवारी सकाळची शाळा असते, त्या दिवशी नको. गेल्यावर एकच विचारा : प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे? एखादं पोरगं पळत जाऊन घेऊन आलं, तर तिथं प्रयोग होतात. 'सर ट्रेनिंगला गेले, किल्ली त्यांच्यापाशी' असं उत्तर आलं, तर काय समजायचं ते समजा. मी रुजू झाले तेव्हा आमच्या कपाटात परीक्षानळ्या खोक्यातल्या भुशातच होत्या आणि मोरचुदाचा बाटलीतच दगड झाला होता. ती बाटली फोडूनच मोरचूद काढावा लागला.

मग मुलींच्या संडासाकडे चक्कर मारा. तुम्हाला संकोच वाटेल, म्हणून सोबत वहिनींना न्या. दाराला आतून कडी आहे का, नळाला पाणी आहे का, एवढंच त्यांनी बघायचं. आठवी-नववीतल्या मुली महिन्यातून चार दिवस का गैरहजर राहतात, याचं निम्मं उत्तर तिथं असते. हेडमास्तरांना काही विचारू नका, ते चहा पाजतील. दहावीच्या पोरांना गाठून गणित आणि इंग्रजी कोण शिकवतं ते विचारा. झेडपीत जागा रिकामी राहण्याचा रोग आहे, कॉन्व्हेंटात मास्तर दर वर्षी बदलण्याचा. कराटे मात्र दोन्हीकडे २६ जानेवारीपुरते.

आता पैशाचं बोलू, कारण हे तुम्हाला कोणी सांगितलेलं दिसत नाही. आठवीत एनएमएमएस नावाची शिष्यवृत्ती परीक्षा असते. बुद्धिमत्तेचे ९० प्रश्न आणि शालेय विषयांचे ९०. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि मुलीला सातवीत किमान ५५ टक्के हवेत. निवड झाली की नववी ते बारावी महिन्याला १,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,०००. मात्र ही परीक्षा सरकारी, झेडपी-नगरपालिकेच्या आणि अनुदानित शाळेतल्याच मुलांना देता येते. विनाअनुदानित कॉन्व्हेंटात टाकलं की ही वाट बंद. तुमची पोरगी हुशार आहे म्हणता, मग हा हिशोब साळ्यापुढं मांडा.

पण नुसतं पास होऊन भागत नाही. माझ्या वर्गातली एक मुलगी यादीत आली होती. तिची आई मजुरीनं कापूस वेचायला जायची. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव एक, आधारवर दुसरं. शिष्यवृत्तीचं सरकारी पोर्टल तो अर्ज घेईना. मी म्हटलं, दिवाळी होऊ दे, मग करू दुरुस्ती. दिवाळी झाली, आधार सेंटरला रांग होती, मग माझी निवडणुकीची ड्यूटी लागली, आणि अर्जाची मुदत निघून गेली. यात चूक कारकुनाची नाही, माझी. पुढं ती बाजारात भेटली तेव्हा तिनं विषय काढला नाही. मीच काढला. म्हणून सांगते, दाखला, आधार आणि बँकेचं पासबुक, तिन्हींवरचं नाव अक्षर न् अक्षर आत्ताच जुळवून घ्या. परीक्षेचा अर्ज शाळा भरते, पण निवड झाल्यावर पोर्टलवरचा अर्ज आणि मग दर वर्षी नूतनीकरण असतं. ते मास्तरांवर सोडू नका. माझ्यासारखे असतात.

राहिला रस्ता. तुमचा तालुका सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात असेल, तर निळी एसटी मुलींना फुकट नेते-आणते. ती तुमच्या फाट्यावर थांबते का आणि संध्याकाळी शाळा सुटल्यावर किती वेळानं येते, हे डेपोत नाही, तुमच्याच गावच्या दहावीतल्या मुलींना विचारा. वेळापत्रक त्यांना पाठ असते. कपाटाची किल्ली मिळाली, गणिताची जागा भरलेली असली आणि बस थांबत असली, तर मी म्हणेन झेडपी. तिन्हींत दोन नसतील, तर तालुक्यात एखादी अनुदानित मराठी शाळा बघा. कॉन्व्हेंट त्याच्यानंतर.

प्रश्न : मी नववीत आहे. आमच्या शाळेत मल्टी स्किल, म्हणजे हातानं कामं करून शिकायचा विषय आहे. मला आवडतो, पण बाबा म्हणतात, 'पाना-पकड शिकायले शाळेत घातलं का तुले?' — एक विद्यार्थिनी, जि. वर्धा

बेटा, बाबांना सांग, वर्ध्याच्या माणसानं तरी असं म्हणू नये. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यातच गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हातानं काम करत शिकायचं, ही नई तालीम तिथूनच देशभर गेली, आणि अभ्यासक्रम आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाकीर हुसेन पुढं राष्ट्रपती झाले. पुढं पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला आणि तेच हायस्कुलात आणलं : शेती-पशुपालन, घर-आरोग्य, ऊर्जा-पर्यावरण, अभियांत्रिकी. तुझ्या पुस्तकात हेच चार भाग सापडतील.

बाबांना इतिहास पटला नाही तर ही गोष्ट सांग. आमच्या ऑफिसातला दिवा बदलताना शिपाईमामांना नेहमी झटका बसायचा. बटण बंद केलेलं असायचं, तरी बसायचा. सगळे म्हणायचे, भिंतीला ओल आहे. नववीतल्या एका मुलीनं बटण बंद ठेवून होल्डरला टेस्टर लावला, तर टेस्टरमधला दिवा लागला, म्हणजे बटण बंद असूनही होल्डरपर्यंत वीज येत होती. ती म्हणाली, 'मॅडम, बटण न्यूट्रलवर बसवलं हाये, फेजवर पाहिजे होतं.' विद्युतधारेचा धडा मी त्याच खोलीच्या शेजारी किती वर्षं शिकवत होते! मला तो टेस्टर लावायचं सुचलं नव्हतं.

एक मात्र बघ. आठवड्याला प्रात्यक्षिकाचे तास खरंच होतात, की त्या तासाला गणित घेतात? नुसती जर्नल उतरवून घेत असतील, तर बाबा बरोबर आहेत.

प्रश्न : चित्रकलेच्या सरकारी परीक्षेचे गुण दहावीत खरंच मिळतात का? — एक पालक, जि. अमरावती

मिळतात. एलिमेंटरी ही पहिली परीक्षा पास होऊन पुढच्या इंटरमिजिएटला 'अ' श्रेणी आली तर ७, 'ब' ला ५, 'क' ला ३. प्रमाणपत्र दहावीच्या वर्षी वेळेत शाळेत द्यायचं असते, ट्रंकेत कपड्यांखाली ठेवायचं नसते. आणि मुलाला चित्र आवडत नसेल तर तीन गुणांसाठी त्याच्या हातात ब्रश देऊ नका. परीक्षकालाही ते बघावं लागते.