ईस्टरच्या पहाटेची फुले आणि सुनेचा अबोला

प्रिय भगिनी,

सोलापूरहून आलेले तुमचे पत्र मी दोनदा वाचले. ईस्टरच्या पहाटे उपासना आटोपली की सर्वांनी दफनभूमीत जायचे आणि आदल्या आठवड्यात चुना लावून ठेवलेल्या कबरींवर मोगरा, निशिगंध आणि पांढरा चाफा वाहायचा, ही रीत सासूबाईंनी तुमच्या हाती सोपवली आणि यजमान गेल्यापासून तुम्ही ती अधिकच जिवापाड जपता. हिंदू घरातून आलेली सून तिथे कधी आली नाही आणि तुम्हीही आग्रह धरला नाही. या वर्षी मात्र ती झोपेत असताना पाच वर्षांच्या नातवाला तुम्ही बरोबर नेले. घरी येताच त्याने आईला विचारले, "आजोबांना तिथे ऊन लागत नाही का?" तिने एक शब्दही न बोलता त्याला डोक्यावरून अंघोळ घातली आणि तेव्हापासून ती तुमच्याशी कामापुरतेच बोलते. आमची माणसे तिला अपवित्र वाटतात का, असे तुम्ही विचारता.

नाही, मला तसे वाटत नाही. स्मशानातून आल्यावर अंघोळ करायची आणि लहान मुलांना तिकडे न्यायचे नाही, हे ती जन्मापासून पाहत आली आहे. तिच्या माहेरी स्वतःच्या वडिलांना अग्नी देऊन आलेला मुलगाही आधी अंघोळच करतो आणि त्यात वडिलांचा अपमान आहे असे कोणी मानत नाही. तिने त्या सकाळी जे केले ते मुलाच्या काळजीपोटी केले. दुखावली ती तुमच्या न सांगण्याने, आणि तिथे चूक तुमची आहे. मुलाच्या आईला न विचारता त्याला उचलून नेणे, मग ते कितीही पवित्र कामासाठी असो, योग्य नव्हते. तुमचा मुलगा सोबत असूनही गप्प राहिला, त्यालाही हे सांगा. आधी तिची माफी मागा, आणि त्या माफीला 'पण' जोडू नका.

सिद्धरामेश्वरांच्या समाधीवर फुले चालतात, मग आमच्या कबरींवर का नाही, असा युक्तिवाद तुम्ही पत्रात केला आहे. तो तिच्यासमोर करू नका. संताच्या समाधीचे दर्शन वेगळे आणि घरच्या माणसाची कबर वेगळी, हे प्रत्येक सोलापूरकराला कळते, आणि वादात जिंकून तुमच्या हाती काहीच लागणार नाही. त्यापेक्षा तुम्ही पहाटेच का जाता, हे तिला सांगा. येशूची कथा सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत त्या पहिल्या ईस्टरच्या रविवारी पहाटे त्याच्या कबरीपाशी प्रथम पोहोचतात त्या स्त्रियाच. सुगंधी द्रव्ये घेऊन निघालेल्या त्या बायकांना कबर रिकामी सापडते. तुमची फुले येशू पुन्हा उठल्याच्या त्या आनंदाची आहेत, हे तिला आजवर कोणी सांगितलेच नसेल, तर दफनभूमी तिच्या लेखी केवळ शोकाची जागा राहणारच. आणि तिचेही ऐका. पितृपक्षात तिच्या माहेरी पान वाढले जाते, ते कोणाकोणाच्या नावाने, हे तुम्ही तिला कधी विचारले आहे का?

ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो आणि आपल्याकडच्या उन्हात मोगरा नऊ वाजेपर्यंतच मान टाकतो. म्हणून तुम्ही शनिवारी संध्याकाळी कळ्या आणून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवता आणि रात्री त्यांचे हार गुंफता, असे लिहिले आहे. पुढच्या वर्षी त्या रात्री तिला शेजारी बसायला बोलवा. मात्र उद्या तिला दफनभूमीपर्यंत नेता येईल, हा हेतू मनात ठेवून बोलावू नका. सासऱ्यांसाठी एक हार तिच्या हातचा झाला, तर तेवढ्याने त्या वर्षीची रीत पूर्ण झाली असे माना. नातवाला मात्र ती आपणहून हो म्हणेपर्यंत नेऊ नका. त्याच्या उन्हाच्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही अजून दिलेले नाही. ते त्याच्या आईसमोर द्या, म्हणजे आजी आपल्या मुलाला काय शिकवते हे तिला स्वतःच्या कानांनी ऐकता येईल.

ती हार गुंफायला बसली नाही, तरी तुम्ही तुमची फुले घेऊन पहाटे निघा. परत आल्यावर घरात पाऊल टाकण्यापूर्वी अंगणातल्या नळावर हातपाय धुवा. तुमच्या श्रद्धेत त्याची गरज नाही, हे मला ठाऊक आहे. ते तिच्यासाठी करा.

तुमची,
ताई