पाचवा महिना, डिंकाचे लाडू आणि आईची शुगर

प्रश्न : मॅडम, मला पाचवा महिना चालू आहे. सासूबाई म्हणतात दोन जीवांची आहेस, दोघांचं खा, रोज दोन डिंकाचे लाडू आणि भातावर तूप, आणि जास्त चालू नकोस. माझ्या आईला डायबेटीस आहे. मी आत्ता जे खाते त्याचा बाळाच्या शुगरवर पुढे खरंच परिणाम होतो का? - एक वाचक, चिंचवड

उत्तर : होतो. आणि याचा मोठा अभ्यास तुमच्या शेजारीच झालाय. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचं खाणं, काम, रक्त सगळं तपासलं आणि मग त्यांच्या मुलांवरही वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. बाळं सरासरी २.७ किलोची, म्हणजे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी, पण अंगावरची चरबी जवळपास तेवढीच आणि कमी होते ते स्नायू! वरून बारीक, आतून चरबीदार. पुढे डायबेटीसचा धोका वाढतो तो अशा शरीरात, त्यामुळे नुसतं वजन वाढवायच्या मागे लागू नका.

त्याच गावांत हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध जास्त खाणाऱ्या बायकांची बाळं जास्त भरलेली होती, एकूण कॅलरीचा मात्र एवढा संबंध दिसला नाही. म्हणजे मेथी, शेपू, राजगिरा, ताक, पेरू. दुसरं म्हणजे बी१२ हे जीवनसत्त्व. ज्या आयांचं फोलेट (म्हणजे फोलिक ॲसिडच्या गोळीतलं जीवनसत्त्व) जास्त आणि बी१२ कमी होतं त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे इन्सुलिनला शरीराने नीट दाद न देणं, जास्त आढळला. म्हणून फोलिक ॲसिडची गोळी बंद करायची नाही हं, पण तुम्ही शाकाहारी असाल आणि दूधदुभतं कमी असेल तर बी१२ तपासायचं का ते डॉक्टरांना नक्की विचारा.

लाडूचं म्हणाल तर आईची साखर नाळेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन जात नाही, मग बाळ स्वतःचं इन्सुलिन वाढवतं आणि जास्तीच्या साखरेची चरबी करतं. एखादा लाडू कधीतरी ठीक आहे, रोज दोन नकोत, ते बाळंतपणानंतरसाठी राहू द्या.

आणि चालायचं का नाही? रक्तस्राव, वार खाली असणं, वाढलेलं बीपी असं काही नसेल आणि डॉक्टर हो म्हणाले असतील तर आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा तास, बोलता येईल इतपत वेगाने चाला. स्नायू साखर वापरतात, गरोदरपणातल्या डायबेटीसचा धोकाही कमी होतो. सासूबाईंची काळजी अगदीच खोटी नाही म्हणा, त्या गावांत पाणी वाहणं, शेतात राबणं जास्त होतं त्या बायकांची बाळं लहान निघाली, पण ते पोटाला पुरेसं नसताना केलेले कष्ट, संध्याकाळी सोसायटीत मारलेल्या फेऱ्या नाहीत!

आईला डायबेटीस आहे हे डॉक्टरांना सांगितलंय ना? ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायची टेस्ट झाली नसेल तर याच आठवड्यात करा, साखर १४० किंवा वर आली तर लगेच त्यांना दाखवा. आणि पहिली नॉर्मल आली असली तरी २४ ते २८ आठवड्यांत परत करायची.