कानाने शिकायचं जपानी: वाचकांचे प्रश्न

ऑडिओ कोर्स ऐकून घरच्या घरी जपानी बोलायला शिकणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरांत जपानी उच्चार देवनागरीत दिलेत. जिथे स्वर लांबवायचा तिथे ऽ ही खूण आहे.

प्रश्न: ऑफिसला जाता-येता गाडीत इंग्रजीतून शिकवणारा जपानी ऑडिओ कोर्स ऐकला. अर्ध्या-अर्ध्या तासाचे तीसही पाठ झाले. ऐकताना सगळं कळतं, पण कंपनीत जपानी पाहुणे आले तेव्हा ‘कोन्निचिवा’च्या पुढे तोंडातून शब्द फुटेना. कोर्स चुकला का? (चाकण)

कोर्स ठीक आहे, ऐकण्याची पद्धत बदलावी लागेल. अशा कोर्समध्ये आधी सूचना येते, ‘अमुक कसं म्हणाल?’ मग काही सेकंद शांतता असते आणि त्यानंतर उत्तर ऐकू येतं. शिकणं होतं ते त्या शांततेत. समोर सिग्नल, बाजूने दुचाक्या, अशा वेळी ती शांतता नुसतीच निघून जाते. उत्तर ऐकल्यावर ‘हो, हेच’ असं वाटतं आणि पाठ झाल्याचं समाधान मिळतं. पण ऐकलेलं ओळखणं आणि न ऐकता आठवून बोलणं ही दोन वेगळी कामं आहेत. तुमचं पहिलं पक्कं झालंय, दुसरं सुरूच झालेलं नाही.

या पद्धतीमागे पॉल पिम्सलर या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये मांडलेलं एक वेळापत्रक आहे. नवा शब्द ५ सेकंदांनी पुन्हा विचारायचा, मग २५ सेकंदांनी, २ मिनिटांनी, १० मिनिटांनी, तासाभराने, ५ तासांनी, दुसऱ्या दिवशी, ५ दिवसांनी, असं अंतर वाढवत न्यायचं. शब्द विसरायला येतो नेमका तेव्हाच तो आठवायला लावायचा, ही त्यातली युक्ती. तुम्ही आठवायचा प्रयत्नच केला नाहीत तर हे सगळं अंतर फुकट जातं.

म्हणून पाठ पहिल्यांदा घरी बसून करा. वही-पेन नको. प्रत्येक शांततेत मोठ्याने, पूर्ण वाक्य, उत्तर ऐकू येण्याआधी बोलून संपवा. पुटपुटणं चालणार नाही. ओठ आणि जीभ हललीच पाहिजे. वेळ पुरत नसेल तर पॉज दाबा, पण दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबू नका. तोवर आठवलं नाही तर उत्तर ऐका आणि लगेच म्हणा. दहापैकी आठ उत्तरं वेळेत येऊ लागली की पुढचा पाठ घ्या, शंभर टक्क्यांची वाट पाहू नका. गाडीत ऐकायचा तो झालेला पाठ. पहिल्या पाठापासून सुरुवात करायची गरज नाही. दहावा पाठ लावून बघा. तिथे आठ उत्तरं येत असतील तर पंधरावा. जिथे अडाल तिथून धरा.

दुसरी अडचण इंग्रजीची आहे, आणि तिच्याकडे मराठी विद्यार्थी फारसं लक्ष देत नाहीत. इंग्रजी सूचना ऐकून वाक्य जपानीत न्यायचं तर ते शेवटाकडून सुरुवातीकडे उलटं करावं लागतं. मराठीतून निघालात तर बहुतेक वेळा काहीच उलटावं लागत नाही. ‘उद्या क्योटोला जायचंय’ म्हणजे ‘आशिता क्योऽतो नि इकिताइ देस’. उद्या, क्योटो, ला, जायचंय. क्रम जसाच्या तसा. ‘मी काल वाचलेलं पुस्तक’ मधलं ‘काल वाचलेलं पुस्तक’ हे ‘किनोऽ योंदा होन’, पुन्हा तोच क्रम. आणि सगळ्यात मोठा ठेवा म्हणजे आपलं ‘-ऊन’. जपानी ‘-ते’ रूप बरंचसं त्याच्यासारखं चालतं: खाऊन बघणं ‘ताबेते मिरु’, लिहून ठेवणं ‘काइते ओकु’, घेऊन येणं ‘मोत्ते कुरु’, घेऊन जाणं ‘मोत्ते इकु’, विसरून जाणं ‘वासुरेते शिमाउ’. इंग्रजी माध्यमाच्या कोर्सला यातला एकेक प्रकार स्वतंत्र धडा म्हणून शिकवावा लागतो. तुम्हाला तो आधीच येतो.

तेव्हा प्रत्येक पाठातली वीस वाक्यं निवडा आणि फोनवर फक्त त्यांची मराठी रूपं रेकॉर्ड करा. प्रत्येक वाक्यानंतर पाच सेकंद गप्प राहा. जपानी उत्तर स्वतःच्या आवाजात भरू नका, नाहीतर आपलेच चुकीचे उच्चार घोटले जातात. ताडून बघायला मूळ पाठ आहेच. आठवड्याने त्याच वाक्यांत फेरफार करा. ‘जातो’ (इकिमास) वरून ‘जात नाही’ (इकिमासेन), ‘गेलो’ (इकिमाश्ता), ‘गेलो नाही’ (इकिमासेन देश्ता), ‘जायचंय’ (इकिताइ देस). पाठातलं वाक्य पाहुण्यांसमोर जसंच्या तसं कधीच वापरायला मिळत नाही. वळवलेलं वाक्य मिळतं.

मराठी एका ठिकाणी मात्र फसवते. ‘पुण्यात राहतो’ आणि ‘पुण्यात काम करतो’ या दोन्हींत आपला ‘-त’ एकच. जपानीत राहण्या-असण्याला ‘नि’ लागतो (‘पुने नि सुंदेइमास’) आणि काही करण्याला ‘दे’ (‘पुने दे हाताराकिमास’). आपल्याकडच्या विद्यार्थ्यांची ही चूक वर्षानुवर्षं टिकते, कारण समोरच्याला अर्थ कळतो आणि कोणी टोकत नाही. सुरुवातीलाच या दोघांची पाच-पाच वाक्यं तोंडात बसवून टाका.

प्रश्न: इंग्रजी कच्चं आहे आणि कोर्सवर पैसे घालायची ऐपत नाही. फुकट काय मिळेल? (परभणी)

जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या ‘एनएचके वर्ल्ड-जपान’ या सेवेचे ४८ पाठ हिंदीतून विनामूल्य आहेत. प्रत्येक पाठ साधारण दहा मिनिटांचा, गोष्ट व्हिएतनामहून जपानला शिकायला आलेल्या ताम नावाच्या मुलीची. संवाद अगदी रोजच्या वापरातले आहेत. उणीव एकच: यात तुमच्यासाठी शांतता सोडलेली नसते. म्हणून दुसऱ्यांदा ऐकताना प्रत्येक वाक्याआधी पॉज दाबा, स्वतः बोला आणि मगच पुढे जा. ते संपल्यावर जपान फाउंडेशनचं ‘इरोदोरी’ घ्या. पुस्तक आणि ध्वनिफिती दोन्ही त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. ते तीन भागांत आहे, आणि मन लावून केलं तर वर्षभर पुरतं.

प्रश्न: जपानी लिपी येत नाही, म्हणून ऐकलेलं देवनागरीत लिहून घेते. क्लासमधली मैत्रीण म्हणते की त्याने उच्चार बिघडतात. खरं काय? (नाशिक)

दोघींचंही थोडं-थोडं खरं आहे. रोमन लिपीपेक्षा देवनागरी कितीतरी बरी, पण ती ऱ्हस्व-दीर्घाशी गल्लत करते. आपण इ-ई, उ-ऊ लिहिताना पाळतो, बोलताना त्यांच्यामुळे अर्थ सहसा बदलत नाही. जपानीत बदलतो. शिवाय जपानी ‘आ’ आवाजाने आपल्या ‘आ’सारखा असला तरी एरवी लांबीने ‘अ’एवढाच असतो. म्हणून ‘ओबासान’ (मावशी, काकू) आणि ‘ओबाऽसान’ (आजी) हे दोन्ही वहीत ‘ओबासान’ असेच उतरतात आणि एखाद्या चाळिशीच्या बाईला तुम्ही आजी म्हणून मोकळ्या होता.

यावर उपाय मात्रा मोजण्याचा. मात्रावृत्तात आपण लघूची एक आणि गुरूची दोन मात्रा धरतो, तसाच हिशोब इथे रोजच्या बोलण्यात आहे आणि प्रत्येक मात्रेला सारखा वेळ मिळतो. लांबवलेल्या स्वराची जास्तीची एक मात्रा, जोडव्यंजनातल्या थांब्याची एक, सुट्या ‘न्’ची एक. तोऽक्योऽ हे आपल्याला दोन अक्षरी वाटतं, पण जपानीत त्याच्या चार मात्रा आहेत: तो-ओ-क्यो-ओ, कारण शेवटचा ‘ओ’सुद्धा लांब आहे. निप्पोन: नि-प्-पो-न्, चार. प्रत्येक नवा शब्द टेबलावर बोटाने ठोके देत म्हणा. ‘किते’ (ये) दोन ठोके, ‘कित्ते’ (टपाल तिकीट) तीन, ‘किइते’ (ऐक) तीन. ‘ब्योऽइन’ (रुग्णालय) चार आणि ‘बियोऽइन’ (ब्यूटी पार्लर) पाच. टॅक्सीत बसल्यावर या दोघांतला फरक फार महत्त्वाचा ठरतो.

बाकी बाबतीत मराठी जीभ भाग्यवान आहे. इंग्रजी बोलणारे ज्या ‘त्सु’शी झगडतात तो आपल्या ‘चूल’, ‘चुलता’मधला च. ‘ची’ ही ‘चिमणी’तली. शब्दाच्या सुरुवातीचा ‘झा’ हा ‘जाड’मधल्या ज सारखा: ‘झाश्शि’, म्हणजे मासिक. ‘कित्ते’मधला थांबा ‘पत्ता’मध्ये आहेच. आणि सुटा ‘न्’ पुष्कळसा आपल्या अनुस्वाराच्या नियमाने चालतो: ‘आंबा’त जसा म् होतो तसा ‘शिंबुन’मध्ये (वर्तमानपत्र), ‘गंगा’त जसा ङ् होतो तसा ‘गेंकि’मध्ये. फक्त त्याला पूर्ण एक ठोका द्यायला विसरू नका.

मेहनत करायची ती ‘फु’वर. खालचा ओठ दातांना लागता कामा नये आणि दोन्ही ओठ मिटताही कामा नयेत. हलकी फुंकर घातल्यासारखा तो निघतो. दुसरं म्हणजे गिळलेले स्वर. ‘देसु’चं ‘देस’, ‘सुकि’चं ‘स्कि’, ‘-माशिता’चं ‘-माश्ता’ असं ऐकू येतं, कारण क, स, त, प अशा व्यंजनांच्या मध्ये किंवा त्यांच्यानंतर शब्दाच्या शेवटी आलेले इ आणि उ नुसत्या श्वासावर म्हटले जातात. स्वर ऐकू आला नाही तरी त्याची मात्रा शिल्लक असते. ‘ताबेमाश्ता’ म्हणताना पाचच ठोके द्या, श् किंचित रेंगाळू द्या.

लिपीचं म्हणाल तर हिरागाना शिकाच. मूळ ४६ अक्षरं आहेत, रोज पाच केली तर दहा दिवसांत होतात, आणि मात्रांचा प्रश्न तिथल्या तिथे सुटतो, कारण त्या लिपीत लांबवलेला स्वरही वेगळ्या अक्षराने लिहितात.

प्रश्न: नर्सिंगचं शिक्षण झालंय. जपानमध्ये वृद्धांची काळजी घेण्याच्या कामासाठी जायचंय. नुसत्या ऑडिओ कोर्सवर भाषेची परीक्षा निघेल का? (सांगली)

परीक्षा निघणार नाही. काम मात्र ऑडिओशिवाय जमणार नाही. ‘विशिष्ट कौशल्य’ व्हिसासाठी जेएफटी-बेसिक ही जपानी भाषेची परीक्षा किंवा जेएलपीटी या दुसऱ्या भाषापरीक्षेची एन४ पातळी यांपैकी एक लागते. काळजीवाहकांना त्याशिवाय कामाचं कौशल्य आणि त्या कामातलं जपानी अशा आणखी दोन चाचण्या द्याव्या लागतात. जेएफटी-बेसिक संगणकावर होते, ६० मिनिटांची, २५० पैकी २०० गुण उत्तीर्णतेसाठी. तिच्यात लिपी आणि वाचन आहे, म्हणजे कांजी (चिनीतून आलेली चित्राक्षरं) आलीच. यातल्या जेएलपीटी आणि जेएफटी-बेसिकमध्ये तोंडी बोलण्याचा भाग नाही. त्यामुळे पुष्कळ जण परीक्षा पास होतात आणि पहिल्या दिवशी आजोबांसमोर मुके होतात.

तिथे अंगाला हात लावण्याआधी काय करणार ते सांगायचं असतं. याला ‘कोएकाके’ म्हणतात आणि त्याला फार महत्त्व आहे. ‘कारादा ओ ओकोशिमास ने’, म्हणजे उठवून बसवते हं. ‘ताचिमाशोऽ’, उठू या. ही छोटी वाक्यं जाता-येता म्हणत राहा. दुखण्याचे शब्दही कानानेच शिकायचे. ठसठसतंय तर ‘झुकिझुकि’, टोचतंय तर ‘चिकुचिकु’, चुरचुरतंय तर ‘हिरिहिरि’, गरगरतंय तर ‘फुराफुरा’. वयस्कर माणसं दुखणं याच शब्दांत सांगतात. मराठीत अशा शब्दांची रेलचेल असल्याने ते लवकर लक्षात राहतात.

प्रश्न: नवऱ्याच्या नोकरीमुळे तोक्योतल्या निशी-कसाई भागात राहायला जातेय. ऑडिओ कोर्सचे चाळीस पाठ झालेत. दुकानात निभेल का? (ठाणे)

तुमचं बोलणं निभेल, त्यांचं ऐकणं अडेल. कोर्स साधी नम्र भाषा शिकवतो. गल्ल्यावरची व्यक्ती आदरार्थी भाषेत आणि भरभर बोलते. सगळं वाक्य पकडायला जाऊ नका, एक शब्द पकडा. ‘फुकुरो’ ऐकलं तर पिशवी हवी का, असं विचारताहेत (जुलै २०२० पासून प्लास्टिक पिशवीला पैसे पडतात). ‘आतातामे’ म्हणजे डबा गरम करून हवा का. ‘काऽदो’ म्हणजे पॉइंट कार्ड आहे का. ‘ओहाशि’ म्हणजे चॉपस्टिक हव्यात का. हवं असेल तर ‘ओनेगाइ शिमास’, नको असेल तर ‘दाइजोऽबु देस’.

शाकाहारी असाल तर ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन’ (मांसही नाही, मासेही नाही) एवढ्याने भागणार नाही. सूप आणि भाज्यांत माशाचं पाणी असतं, त्याला ‘दाशि’ म्हणतात आणि ते स्वयंपाक्याच्या लेखी मासे खाण्यात मोडत नाही. ‘कात्सुओ नो दाशि मो दामे देस’ (कात्सुओ माशाचं दाशिही चालत नाही), हे वाक्य स्वतंत्र पाठ करा.

प्रश्न: ॲनिमे बघून शिकलेलं जपानी वापरलं तर काय बिघडतं? (लातूर)

कान तयार होतो, ते चांगलंच. पण तिथला ‘ओरे’ (मी) आणि ‘ओमाए’ (तू) मुलाखतीत वापरलात तर उद्धट ठराल. ‘आनाता’सुद्धा टाळा. समोरच्याच्या आडनावाला ‘सान’ लावा, आणि स्वतःच्या नावाला कधीच लावू नका.

प्रश्न: जपानी ग्राहकांशी दराची बोलणी करताना मोठे आकडे अडतात. लाखाला शब्दच सापडत नाही. (पिंपरी)

वेगळा शब्द नाहीच. आपण हजारानंतर दोन-दोन शून्यांनी वर जातो, जपानी चार-चार शून्यांनी. दहा हजार ‘इचिमान’, लाख ‘ज्यूऽमान’, दहा लाख ‘ह्याकुमान’, कोटी ‘इस्सेन्मान’, दहा कोटी ‘इचिओकु’. आकडा उजवीकडून चार अंकांवर तोडा. ३,४५,००० म्हणजे ३४ | ५०००, ‘सान्ज्यूऽयोन्मान गोसेन’. अडीच कोटी म्हणजे २५०० | ००००, ‘निसेन गोह्याकुमान’. लिहिताना ते तीन-तीन अंकांवर स्वल्पविराम देतात, त्यामुळे कागदावरचा स्वल्पविराम मदत करत नाही. डोळ्यांनीच चार मोजा. सरावाला रोज दहा खरे आकडे घ्या, घरांच्या जाहिराती, पगार, कोटेशन, आणि मोठ्याने वाचा. ३००, ६००, ८०० यांची रूपं बदलतात: ‘साम्ब्याकु’, ‘रोप्प्याकु’, ‘हाप्प्याकु’. तसंच ३००० ‘सान्झेन’ आणि ८००० ‘हास्सेन’. बोलणी संपवताना आकडा तोंडी सांगून झाला की कॅल्क्युलेटरवर टाकून समोर धरा. जपानी दुकानदारही परदेशी गिऱ्हाईकासमोर हेच करतात, त्यात कोणी वावगं मानत नाही.