आदिलशाही संपल्यावर विजापूर शहराचं काय झालं? औरंगजेबानं ते उद्ध्वस्त केलं का?

उद्ध्वस्त असं नाही केलं. गोलघुमट, इब्राहिम रोजा, जुम्मा मशीद सगळं जागेवर आहे. शहराचं जे झालं ते तोफांपेक्षा दरबार उठल्यामुळे झालं. मी सोलापूरचा. आमच्या गावात विजापूर वेस आहे, विजापूर रोड आहे, आणि या गोष्टीतला बराच भाग आमच्याच जिल्ह्यात घडलाय, म्हणून उत्तर द्यायचा मोह आवरला नाही.

सोलापूरचा भुईकोट चांदबिबीच्या लग्नात अहमदनगरकरांनी आदिलशहाला आंदण दिला होता. त्यावरून दोन्ही घराणी पुढे भांडत राहिली. १६६८ मध्ये तो मोगलांकडे गेला आणि विजापूरवर चालून जायला त्यांना आयतं ठाणं मिळालं. १६८५ मध्ये शहजादा आझमनं विजापूरला वेढा घातला तेव्हा बादशहा स्वतः सोलापुरात येऊन बसला, आणि वर्षभर वेढ्याची सूत्रं इथूनच हलली. आझमच्या फौजेत दाणागोटा संपून उपासमार सुरू झाली, तेव्हा धान्य पोचवायला गाजीउद्दीन फिरोजजंग गेला. हा हैदराबादच्या पहिल्या निजामाचा बाप. शेवटी १६८६ च्या पावसाळ्यात बादशहाच वेढ्यावर गेला, आणि सप्टेंबरात सिकंदर आदिलशहा शरण आला. जेमतेम अठरा वर्षांचा पोरगा, चौथ्या वर्षी गादीवर बसवलेला. त्याला कैदेत टाकलं. १७०० मध्ये साताऱ्याजवळ मोगल छावणीतच तो वारला.

आता मुद्द्याची गोष्ट. मोगलांनी विजापूरला सुभ्याचं मुख्य ठाणं केलं, ‘दार-उज़-ज़फर’ असं भारदस्त नाव दिलं, त्या नावानं नाणी पाडली. महालातली चित्रं बादशहानं पुसायला लावली. मुलूखमैदान तोफेवर विजयाचा लेख कोरला. कागदावर राजधानी, पण दरबार कुठे? अमीर, कारागीर, सराफ, गवई ज्याच्या जिवावर जगायचे ते घराणंच संपलं होतं, आणि त्याच्या जागी आलेला सुभेदार होता नोकर माणूस.

त्यात १६८८ च्या शेवटी प्लेग आला. बादशहाची बेगम औरंगाबादी महल त्यात गेली, धान्य पोचवणाऱ्या फिरोजजंगची दृष्टी गेली. बादशहानं छावणी हलवली ती आमच्या अकलूजला. संभाजीराजे पकडले गेल्याची बातमी त्याला अकलूजलाच मिळाली. पुढे १६९५ ते १६९९ त्याचा तळ मंगळवेढ्याजवळ, भीमेकाठी ब्रह्मपुरी-माचणूरला होता. म्हणजे अख्ख्या हिंदुस्थानचा कारभार तेव्हा माचणूरच्या तंबूंतून चालायचा! माचणूरला सिद्धेश्वराच्या दर्शनाला जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं कोण जाणे. विजापूर मात्र मागेच राहिलं.

नंतरचं थोडक्यात सांगतो. १७२४ नंतर निजाम, आणि उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये पेशवे. आपल्या लोकांना हे आवडणार नाही, पण पेशवाईनंही त्या शहरासाठी काही केल्याचं दिसत नाही. पुण्याच्या दृष्टीनं तो वसुलीचा मुलूख होता. १८१८ नंतर इंग्रजांनी ते साताऱ्याच्या महाराजांना दिलं, आणि १८४८ मध्ये सातारा खालसा झाल्यावर स्वतःकडे घेतलं.

इंग्रजांचा एक किस्सा सांगायलाच हवा. १८५४ मध्ये विजापुरातला निरुपयोगी सरकारी माल लिलावात काढायचा हुकूम निघाला. त्या मालात मुलूखमैदानही! सुमारे ५५ टनांची ओतीव तोफ, तोंडाशी जबडा वासलेला सिंह आणि त्याच्या दाढेत चिरडलेला हत्ती. वरची बोली आली दीडशे रुपये. एवढ्या पैशात द्यायची कशी म्हणून विक्री रद्द झाली, आणि तोफ बुरुजावरच राहिली.

शहरात पुन्हा जीव आला तो रेल्वेमुळे. १८८० च्या दशकात आमच्या होटगीहून गदगला जाणारी लाईन विजापूरवरून गेली आणि १८८५ मध्ये जिल्ह्याचं ठाणं कलादगीहून विजापूरला आलं. नवीन इमारती बांधायचा खर्च कोण करणार? साहेबांनी आदिलशाही वाड्या-महालांचीच डागडुजी केली आणि त्यात कचेऱ्या थाटल्या.